वजन कमी करताय? या चुका टाळा, आणि काटा अडकला तर आधी हे तपासा

पहिल्या आठवड्यात अडीच किलो उतरलं, दुसऱ्या आठवड्यात काहीच नाही, तिसऱ्यात उलट अर्धा किलो वाढलं, मग घाबरून जेवण अजून कमी केलं, मग चक्कर यायला लागली आणि एके दिवशी सगळंच सोडून दिलं. ही गोष्ट मी खूप जणांकडून ऐकलीय आणि एकदा स्वतः भोगलीय, म्हणून मनापासून लिहितेय. यात माणसाची जिद्द कमी पडते असं मला अजिबात वाटत नाही. बहुतेक वेळा घाई नडते, आणि घाई होते कारण आपण काट्यावरच्या आकड्यालाच चरबी समजतो.

पहिल्या आठवड्याचा आनंद आणि नंतरची धास्ती

आपलं शरीर साखरेचा थोडा साठा लिव्हर आणि स्नायूंमध्ये ठेवतं, त्याला ग्लायकोजन म्हणतात. मोठ्या माणसात तो साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत जवळपास ३ ग्रॅम पाणी अडकलेलं असतं. खाणं एकदम कमी केलं, विशेषतः गोड आणि पिष्टमय पदार्थ बंद केले, की हा साठा खाली जातो आणि सोबतचं पाणीही जातं, म्हणून चार-पाच दिवसांत दीड-दोन किलो सहज उतरतात. आता हिशोब बघा, १ किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. आठवड्यात अडीच किलो चरबी घालवायची तर रोज पावणेतीन हजार कॅलरींची तूट (खर्चापेक्षा तेवढं कमी खाणं) लागेल, आणि बहुतेक माणसं दिवसभरात तेवढ्या खर्चही करत नाहीत. म्हणजे तो आकडा बराचसा पाण्याचाच होता. तिसऱ्या आठवड्यात वाढलेला अर्धा किलोही बहुधा पाणीच.

पाणी कशाकशाने वाढतं? आदल्या दिवशी खारट खाल्लं, पाळीच्या आधीचे दिवस आहेत, दोन दिवस पोट साफ नाही, नवीन व्यायाम सुरू केलाय आणि अंग दुखतंय (दुखऱ्या स्नायूंमध्ये पाणी धरलं जातं), यातल्या एकानेही काटा एक-दीड किलो इकडेतिकडे होतो. नवीन व्यायाम सुरू केल्यावर वजन वाढलं म्हणून व्यायामच सोडणारी माणसं बघितली की खरंच वाईट वाटतं, कारण नेमकं तेव्हाच सगळं नीट चाललेलं असतं.

मग मोजायचं कसं? सकाळी उठल्यावर, टॉयलेटला जाऊन आल्यावर, काही खायच्या-प्यायच्या आधी, त्याच काट्यावर. रोज मोजलंत तरी चालेल पण बघायची आठवड्याची सरासरी, आणि तुलना करायची चार आठवड्यांपूर्वीच्या सरासरीशी. बायकांनी गेल्या महिन्यात पाळीच्या त्याच दिवसांत किती होतं ते बघावं. आणि इंचटेप वापरा, दोन आठवड्यांतून एकदा कंबर मोजा, दरवेळी त्याच जागी, पोट आत न ओढता. काटा जागेवर आणि कंबर दोन सेंटीमीटर कमी असं खूपदा होतं, आणि त्यात टेपचं ऐकायचं. रोजचा आकडा बघून दिवसाचा मूडच जात असेल तर मात्र आठवड्यातून एकदाच मोजा.

जेवण निम्म्यावर आणणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. अमेरिकेत १९४४-४५ मध्ये मिनेसोटा युनिव्हर्सिटीत अँसेल कीज या शास्त्रज्ञांनी ३६ धडधाकट तरुणांवर एक प्रयोग केला होता, महायुद्धात उपाशी राहिलेल्या लोकांना पुन्हा खायला कसं घालायचं हे समजून घ्यायला. सहा महिने त्यांना रोज साधारण १६०० कॅलरीचं जेवण मिळालं आणि भरपूर चालायला लावलं. त्यांचं वजन जवळपास पावपट उतरलं, पण सोबत ते चिडचिडे झाले, उदास झाले, सतत थंडी वाजायची, डोक्यात दिवसभर फक्त खाण्याचे विचार. आणि पुढे हवं तेवढं खायची मोकळीक मिळाल्यावर कित्येकांचं पोट भरूनही मन भरत नव्हतं. ते मुळात बारीक होते, चरबी जास्त असलेल्या माणसाचं शरीर तूट जास्त झेलतं हे खरं आहे. तरी १६०० ला ही अवस्था झाली, आणि आज लोक कुणालाही न विचारता ८०० चा डाएट प्लॅन सुरू करतात.

मी तसंच केलं होतं. भराभर वजन उतरलं आणि दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळायला लागले. तेव्हा कळलंच नाही की हे त्या डाएटमुळे आहे, कारण केस लगेच गळत नाहीत, शरीराला धक्का बसल्यावर दोन-तीन महिन्यांनी गळतात. केस परत आले, वजनही सगळं परत आलं. आणि परत येताना चरबी आधी येते, गेलेला स्नायू आपोआप तेवढा येत नाही, म्हणजे आकडा जुनाच पण शरीर आधीपेक्षा कमकुवत. शिवाय फार भराभर वजन उतरवलं की पित्ताशयात खडे व्हायचा धोका वाढतो, आणि बायकांची पाळी बंद पडू शकते. दिवसाला ८०० कॅलरींच्या खालचा आहार असतो, नाही असं नाही, पण तो डॉक्टरांच्या देखरेखीत असतो, रक्ततपासण्या करत.

आठवड्याला अर्धा ते १ किलो हा वेग पुरे, आणि ज्यांचं वजन थोडंसंच जास्त आहे त्यांच्यासाठी अर्ध्याहून कमी असला तरी चांगला. आठवड्याला अर्ध्या किलोसाठी रोज ५०० कॅलरींच्या आसपास तूट लागते. टार्गेटही आधी छोटं ठेवा, सध्याच्या वजनाच्या ५ ते १० टक्के. एवढ्यानेही बीपी आणि शुगरमध्ये फरक दिसतो. अमेरिकेतल्या डायबिटीस रोखण्याच्या मोठ्या अभ्यासात (२००२ मध्ये त्याचे निकाल आले) शुगर सीमारेषेवर असलेल्या लोकांना ७ टक्के वजन कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल, एवढंच लक्ष्य दिलं होतं, आणि त्या गटात डायबिटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी निघालं. ८० किलोच्या माणसासाठी ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो, बस.

"मी तर काहीच खात नाही"

असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो हे आधी लक्षात घ्या, घरच्यांनी तर नक्कीच. १९९२ च्या एका अभ्यासात असेच लोक घेतले होते, आम्ही १२०० कॅलरींपेक्षा कमी खातो तरी वजन उतरत नाही असं सांगणारे. शरीर खरोखर किती ऊर्जा वापरतंय हे अचूक मोजल्यावर दिसलं की ते स्वतःचं खाणं जवळपास निम्मं सांगत होते आणि व्यायाम दीडपट. त्यांचं मेटाबॉलिझम मंद वगैरे काही नव्हतं.

हे कुणाचंही होतं. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, फोडणीत दोन चमचे जास्त पडले तर भाजी दिसायला तशीच दिसते. मूठभर बदाम १७० च्या आसपास, पौष्टिक आहेत पण फुकट नाहीत. दिवसभरातला साखरेचा चहा, कॉफी, ज्यूस, कोल्ड्रिंक, हे तर जेवणात धरलंच जात नाही आणि त्याने पोटही भरत नाही. स्वयंपाक करताना चाखलेलं, मुलांच्या ताटात उरलेलं, तेही राहून जातं. आणि सुट्टीचे दोन दिवस! पाच दिवस ५००-५०० ची तूट केली म्हणजे २५०० वाचल्या, आणि दोन दिवसांत रोज १२०० जास्त गेल्या तर उरल्या १००. मग महिन्याने वाटतं मी इतकं पाळतेय तरी काही होत नाही.

उपाय म्हणजे फक्त दोन आठवडे सगळं लिहा, तेल आणि सुकामेवा किचनच्या काट्यावर खरंच मोजा. आयुष्यभर मोजायची गरज नाही, एकदा डोळ्याला अंदाज आला की पुरे. पण ज्यांना पूर्वी खाण्यावरून मानसिक त्रास झालाय, मुद्दाम उपाशी राहणं, खाऊन उलटी काढणं असलं काही, त्यांनी हे मोजमाप करूच नये, आधी डॉक्टरांशी बोलावं.

व्यायामाकडून चुकीची अपेक्षा

७० किलोचा माणूस तासभर बऱ्यापैकी वेगाने चालला तर २५० कॅलरींच्या आसपास जळतात, घड्याळ पुष्कळदा त्याहून जास्त दाखवतं. आणि घरी येऊन "आज चाललोय" म्हणून जे जास्तीचं खाल्लं जातं त्यात ते दहा मिनिटांत भरून निघतं. म्हणून वजन उतरवायचं मुख्य काम ताटात होतं, पण याचा अर्थ व्यायाम नको असा अजिबात काढू नका. व्यायाम कशासाठी हवा, तर उतरलेलं वजन चरबीचं असावं, स्नायूंचं नसावं, आणि उतरलेलं परत चढू नये यासाठी. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची नोंद ठेवतात ज्यांनी किमान १३-१४ किलो घालवून वर्षभर तरी टिकवलंय, आणि त्यातले बहुतेक जण रोज तासाभराच्या आसपास हालचाल करतात, जास्त करून चालणंच.

जागतिक आरोग्य संघटना सांगते आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारा. हा दुसरा भागच लोक सोडतात. जिम नसेल तर खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीला टेकून पुशअप, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, इथून सुरू करा. आणि सोबत प्रोटीन, वजन कमी करत असताना दर किलो वजनामागे १.२ ते १.६ ग्रॅम चांगलं, वजन खूप जास्त असेल तर हिशोब आत्ताच्या नाही तर लक्ष्य ठेवलेल्या वजनावर करा. डाळी, कडधान्य, अंडी, दूध-दही, मासे, चिकन, जे खाता त्यातून, आणि प्रत्येक जेवणात थोडं थोडं. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नका.

पोटाचे व्यायाम करून फक्त पोटाची चरबी जात नाही, घामाने चरबी जात नाही, प्लास्टिक गुंडाळून पळणं धोक्याचं आहे. आणि १०,००० पावलांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं यंत्र विकताना रूढ झाला, त्यामुळे ३००० वरून ५००० वर आलात तरी तो मोठा फायदा आहे, कमी वाटून घेऊ नका. जास्त वजन असताना पहिल्याच दिवशी पळायला जाऊ नका, गुडघे दुखले की महिनाभर सगळंच बंद पडतं.

चार आठवडे काटाही नाही, टेपही नाही, मग?

दोन आठवड्यांना अडकलं म्हणू नका, चार पूर्ण होऊ द्या. मग आधी खाण्याची नोंद पुन्हा करा, सुरुवातीला मोजलेलं तेल आता परत अंदाजाने पडतंय का बघा, बहुतेकांचं उत्तर इथेच सापडतं. ते बरोबर असेल तर कारण हे असू शकतं की शरीर लहान झालंय म्हणून त्याला आता कमीच लागतं, ९० किलोला जे तुटीचं जेवण होतं ते ७८ ला पोटापुरतं झालं असेल, शिवाय कमी खाताना नकळत आपली हालचालही कमी होते. १००-१५० कॅलरी कमी करा किंवा अर्धा तास चालणं वाढवा, दोन्ही एकदम नको. फार महिने तूट चालू असेल आणि थकवा असेल तर एक-दोन आठवडे वजन स्थिर राहील इतकं खा, त्याने काही वाया जात नाही.

झोप बघा. पाच तास झोपून डाएट पाळणं फार अवघड आहे, कमी झोपेने भूक वाढते आणि नेमकं गोड-तेलकट हवंसं वाटतं. मग औषधं बघा, स्टेरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजारांवरची काही औषधं, यांनी वजन वाढतं, पण म्हणून ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांना पर्याय विचारा. थायरॉईड आणि पीसीओएस (बायकांमधला हार्मोन्सचा एक त्रास) यांची तपासणीही यातच आली.

गोळ्या, पावडरी

१९३३ मध्ये डायनायट्रोफिनॉल नावाचं रसायन वजनासाठी वापरायला लागले आणि १९३८ पर्यंत अमेरिकेत ते बंद करावं लागलं, मोतीबिंदू झाले, माणसं मेली. सिब्युट्रामिन हे भूक कमी करणारं औषध २०१० मध्ये अमेरिका-युरोपच्या बाजारातून काढलं, हृदयाच्या धोक्यामुळे, आणि तरी ते "नैसर्गिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत लपवलेलं सापडत राहिलंय. आता जी इंजेक्शनं आलीत ती खरंच काम करतात, पण डॉक्टरांनी तपासून दिली तरच घ्यायची, आणि थांबवल्यावर वजन बऱ्याचदा परत येतं हे आधीच माहीत असू द्या.

एकट्याने करू नका असे लोक

गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, वय अठराच्या आत असेल, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर आधी डॉक्टर. डायबिटीसवर इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर जेवण कमी करायच्या आधी डोस विचारा, नाहीतर औषध तेवढंच आणि जेवण कमी, यात साखर एकदम खाली जाते. थरथर, घाम, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं, शुद्धीवर असाल तर लगेच साखर खायची, डाएट वगैरे तेव्हा बघायचं नाही. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर वजन उतरल्यावर बीपी जास्तच खाली जाऊन उठताना चक्कर येऊ शकते, तेव्हाही डोस बदलून घ्या.

छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, बेशुद्ध पडणं, यात व्यायाम तिथेच थांबवून तातडीने हॉस्पिटल गाठा. पाळी लागोपाठ चुकली, उजव्या बरगडीखाली जेवणानंतर कळा येतायत, तर त्याच आठवड्यात दाखवा. आणि तुम्ही काहीच केलं नाही, डाएट नाही, व्यायाम नाही, तरी सहा महिने-वर्षात वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरलं आणि आजूबाजूचे "वा, बारीक झालीस" म्हणतायत, तर त्यावर खूश न होता तपासणी करून घ्या.