मालिका दुसऱ्यांदा कशी बघावी

गोव्यातल्या फोंड्यात माझं शिवणाचं दुकान आहे. दिवसभर ब्लाउज आणि फॉल-पिको, रात्री जेवणं आटोपली की मालिका. नजर शिवणाची, त्यामुळे मला आधी पदर दिसतो. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

भाग एकदा सरळ बघा, गोष्टीसाठी. मग तोच भाग मोबाइलवर आवाज बंद करून लावा. संवाद ऐकू येतात तोवर डोळे बोलणाऱ्याच्या तोंडावर खिळलेले असतात. आवाज गेला की ते मागच्या भिंतीवर, टेबलावर, हातांवर फिरू लागतात. भांडणाचा एखादा प्रसंग निवडून एकाच बाईकडे बघत राहा. खांद्यावरच्या निऱ्या मोजा. परवा मी मोजल्या, तर दूरच्या शॉटमध्ये पाच होत्या आणि पिन बरोबर खांद्याच्या शिवणीवर होती. चेहरा जवळून दाखवला तेव्हा चारच, आणि पिन गळ्याकडे दोन बोटं सरकलेली. पुन्हा दूरचा शॉट आला, पुन्हा पाच! म्हणजे जवळचे शॉट वेगळे घेतलेले. मधे पदर सुटला असणार आणि ड्रेसदादांनी तो नव्याने लावून दिला असणार. कंटिन्युइटीसाठी, म्हणजे प्रत्येक शॉटमध्ये सगळं सारखंच दिसावं म्हणून, सेटवर फोटो काढून ठेवतात, तरी घाईत एखादी निरी राहतेच. तिला नावं ठेवू नका. प्रसंग कसा तुकड्यातुकड्यांनी चित्रित झाला, हे तीच निरी सांगते.

निऱ्या जमल्या की कट मोजा. एका मिनिटात चित्र किती वेळा बदलतं ते बोटांवर धरा. मग ‘सीआयडी’चा २००४ मधला तो १११ मिनिटांचा भाग आठवा, जो एकही कट न घेता सलग चित्रित केला होता. एवढा वेळ कॅमेरा थांबला नाही म्हणजे कोणाचाही पदर सुटून चालणार नव्हतं. मला त्या सगळ्यांबद्दल फार आदर वाटतो.

जागा ओळखताना मात्र सावध राहा. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनामुळे महाराष्ट्रात चित्रीकरण थांबलं तेव्हा बऱ्याच मालिका आमच्या गोव्यात आल्या. मे महिन्यात इथली परवानगीही सरकारने मागे घेतली. त्या दिवसांतले भाग आज काढून बघा. बल्कांव (दारापुढचा बसायचा ओटा), शिंपल्यांची खिडकी, मागून जाणाऱ्या गाडीची जीए पाटी, काही ना काही सापडेल. जीए-०५ दिसली तर ती आमच्या फोंड्याची. पण नुसत्या चिऱ्याच्या भिंतीवरून गाव ठरवू नका. एक घर आमच्याच तालुक्यातलं आहे असं मी गिऱ्हाइकांना छातीठोक सांगितलं होतं, आणि शेवटच्या श्रेयनामावलीत आभार निघाले सिंधुदुर्गातल्या गावाचे. चिरा तिकडेही तोच. तेव्हापासून ‘विशेष आभार’ची पाटी मी थांबवून वाचते.

भागांची नावं एकाखाली एक लिहून बघा. ‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकन मालिकेच्या दुसऱ्या पर्वात पहिल्या, चौथ्या, दहाव्या आणि तेराव्या भागांची नावं सलग वाचली की ‘सेव्हन थर्टी-सेव्हन डाउन ओव्हर एबीक्यू’ असं वाक्य होतं, म्हणजे ७३७ विमान अल्बुकर्की शहरावर कोसळलं. पर्वाच्या शेवटी होणारा विमान अपघात पहिल्याच भागाच्या नावापासून सांगितलेला! भाच्याने मला वहीत लिहून दाखवलं तेव्हा मशीन थांबवून मी ते पान बघत बसले.

शीर्षकगीतही पळवू नका. दूरदर्शनवरच्या ‘भारत एक खोज’चे सुरुवातीचे शब्द ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचे आहेत.

आणि पर्वांचा क्रम उलटा करून बघा. ‘रात्रीस खेळ चाले’चं पहिलं पर्व २०१६ चं, ते अण्णा नाईकांच्या मृत्यूनेच सुरू होतं. २०१९ च्या दुसऱ्या पर्वात काळ मागे जातो आणि अण्णा हिंडताफिरताना दिसतात. मी सध्या दुसरं संपवून पहिलं लावलंय. सिंधुदुर्गातल्या आकेरीतलं नाईकांचं घर तेच आहे, पण आता कोण कुठल्या खोलीत शिरताना कचरतं, ते मी वहीत टिपते आहे.