वेल्डिंगच्या कौशल्य स्पर्धेला बसायचं असेल तर

स्पर्धा जवळ आली की मुलं मला पहिलं विचारतात, "सर, रोज किती रॉड मारायचे?" मी रॉड धरायचा होल्डर द्यायच्या आधी हातात ड्रॉइंग देतो. आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेड शिकवताना मी पाहिलंय, हात चांगला असलेली मुलं मागे पडतात ती बहुतेक कागद नीट न वाचल्यामुळे.

आधी वय बघ. वर्ल्डस्किल्स या कौशल्यांच्या जागतिक स्पर्धेत वेल्डिंगसाठी स्पर्धेच्या वर्षी वय २२ च्या पुढे चालत नाही. म्हणजे २०२६ च्या शांघायसाठी जन्म २००४ किंवा त्यानंतरचा हवा. तिथवरची वाट राज्य फेरी आणि मग इंडियास्किल्स ही देशपातळीची फेरी अशी आहे. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या लिओंला भारताने ४ कांस्यपदकं आणली, हे मी प्रत्येक बॅचला सांगतो.

आता ड्रॉइंग. त्यावर वेल्डिंगची पद्धत आकड्यात लिहितात: १११ म्हणजे आपलं रॉडचं वेल्डिंग, १३५ मॅग (वायूच्या आवरणात तारेचं), १३६ फ्लक्स कोअर (आत फ्लक्स भरलेल्या तारेचं), १४१ टिग (टंगस्टनच्या टोकाचं). वेल्ड कुठल्या स्थितीत करायचा ते अक्षरात: पीएफ म्हणजे खालून वर, पीसी आडवं, पीई डोक्यावरचं. वेल्डच्या आंतरराष्ट्रीय चिन्हात जोडाकडे रोखलेला बाण असतो आणि सलग रेघेसोबत एक तुटक रेघ असते. चिन्ह तुटक रेघेवर असेल तर वेल्ड बाणाच्या पलीकडच्या बाजूला. एवढ्या एका रेघेपायी पूर्ण जोड उलट बाजूला झालेला मी पाहिलाय. प्लेटवर खडूने बाजू लिही, मगच टॅक (प्लेट जागेवर धरणारा छोटा वेल्ड) मार. टॅक झाला की गुण्या लाव. फिलेट, म्हणजे दोन प्लेटच्या कोपऱ्यातला वेल्ड, प्लेटला आपल्याकडे ओढतो, म्हणून सुरुवातीलाच ती किंचित उलटी कलवून ठेव. किती, ते तुझ्या मशीनवर आणि तुझ्या हातानेच ठरेल. मोजून वहीत लिही.

सगळ्यात जास्त वेळ रूटवर, म्हणजे जोडाच्या तळाच्या पहिल्या थरावर, घालव, आणि त्यातही थांबण्यावर. सलग रूट सगळेच मारतात. टेस्ट कूपनमध्ये (चाचणीच्या नमुना तुकड्यात) मधे मुद्दाम थांबून परत सुरू करायला लावतात, तिथेच एक्स-रेमध्ये भोक दिसतं. स्लॅग (वेल्डवरची कडक खपली) पूर्ण काढ, आर्क क्रेटरच्या, म्हणजे थांबलास तिथल्या खळग्याच्या, थोडा पुढे पेटव, मागे येऊन क्रेटर भर, रॉड हलकेच आत दाब. आवाज बदलला आणि की-होल (कडा वितळून पडणारं छोटं भोक) उघडलं की पुढे चल. दिवसभर नुसती हीच जागा कर. माझ्या एका मुलीने आठवडाभर दुसरं काहीच केलं नाही. नंतर मागच्या बाजूने तिची थांबून सुरू केलेली जागा बोटालाही लागत नव्हती.

कॅपला, म्हणजे जोडाच्या सगळ्यात वरच्या थराला, ग्राइंडर लावू नकोस. एका फेरीत माझ्या मुलाने सवयीने कॅप घासून चकचकीत केली आणि त्या भागाचे गुण गेले. वर्कशॉपमध्ये मीच त्याला "साफ कर" म्हणत आलो होतो. आता सरावातही कॅपला फक्त चिपिंग हातोडी आणि वायर ब्रश.

प्रेशर व्हेसलचा (दाब सहन करणाऱ्या बंद टाकीचा) सराव केलास तर चाचणी पाण्यानेच, निदेशकांसमोर, हवा पूर्ण काढून. कॉम्प्रेसरची हवा भरून बघायचा मोह कधीच नको. पाणी दाबलं जात नाही, जोड फुटला तर गळतं. दाबलेली हवा मात्र स्फोटासारखी सुटते आणि माणूस जायबंदी होतो. व्हेसल पुसून कोरडं कर, मग दाब दे, म्हणजे घामासारखा थेंबही दिसेल.

महिनाभर आधी पूर्ण प्रकल्प घड्याळ लावून कर. वर्ल्डस्किल्सचं काम चार दिवस चालतं, तेव्हा मान आणि पाठ यांचीही तयारी लागते. झालेलं काम मित्राला मोजायला दे, स्वतः मोजू नकोस.

पेटी आदल्या संध्याकाळी भर: गुण्या, फिलेट गेज, स्टीलपट्टी, स्क्राइबर, दोन जोड कोरडे हातमोजे. आणि हेल्मेटची बाहेरची पांढरी काच नवी लाव. ठिणग्यांनी खरवडलेल्या काचेतून की-होल दिसत नाही.