पाच तारांचा बँजो घेताना
मिरवणुकीत वाजतो तो आपला बटणांचा बँजो वेगळा. हे अमेरिकी पाच तारांच्या बँजोबद्दल. पहिला घेताना मागून उघडा असलेलाच घ्या. मागे रेझोनेटर (आवाज पुढे फेकणारी लाकडी ताटली) लावला की आवाज मोठा होतो, पण वजन आणि किंमतही वाढते. नक्षीकामावर पैसे घालवू नका.

आवाजात मोठा फरक पाडतं ते तबल्याच्या पुडीसारखं ताणलेलं हेड. सैल असेल तर आवाज बोदा, घट्ट असेल तर खणखणीत. हेडवर तारा ज्यावर टेकतात ती घोडी चिकटवलेली नसते, त्यामुळे ती सरकते. दांडीवरच्या बाराव्या पडद्यावर (आडव्या धातूच्या पट्टीवर) तार दाबून छेडा, मग तिथेच नुसतं बोट टेकवून. दोन्ही सूर जुळले नाहीत, तर आधी घोडी हलवून बघा. स्वस्त बँजोही त्याने सुरात येतो.