पद्मासन ‘जमतं’, पण गुडघा दुखतो?

योगवर्गात दर नव्या तुकडीत कुणीतरी गुडघा चोळत येतंच. “पद्मासन जमतं हो, फक्त सोडवताना जीव जातो.” म्हणजे जमत नाही, काका!

पतंजलींनी ‘योगसूत्रां’त आसनावर जेमतेम तीन सूत्रं लिहिली, दुसऱ्या पादातली (म्हणजे प्रकरणातली) ४६ ते ४८. त्यांत एकाही आसनाचं नाव नाही. ‘स्थिरसुखमासनम्’ एवढंच: हलावंसं वाटू नये आणि बसवत राहावं. ‘आस्’ म्हणजे मुळात बसणं. आसनांची यादी पुढे हठयोगाच्या ग्रंथांत आली. हठप्रदीपिकेत १५, घेरंडसंहितेत ३२. आपण मात्र फोटोतला आकार आधी धरतो आणि सुखाचं नंतर बघू म्हणतो.

पद्मासनात पाय वळतो तो खुब्यातून. गुडघा बिजागरीसारखा, त्याचं मुख्य काम उघड-मीट. खुबा अडलेला असताना पाऊल हाताने ओढून मांडीवर चढवलं की सगळा पीळ गुडघ्यावर येतो. म्हणून काही महिने साधी मांडी घाला. त्यातही गुडघे कमरेच्या वर राहत असतील तर पाठीला पोक येणारच, कितीही “ताठ बसा” म्हटलं तरी. घरातली सोलापुरी चादर घ्या, चार-पाच घड्या करा आणि फक्त बैठकीखाली सरकवा, मांड्यांखाली नको. आता तळहात कमरेवर मागून ठेवून पाहा. मघाशी बाहेर आलेली कंबर आत गेलेली लागेल आणि गुडघे आपोआप उतरतील. नाहीच उतरले तर आणखी एक घडी. पायाला मुंग्या आल्या तर पाय बदला. मुंग्या सहन करण्यात तपश्चर्या नाही.

पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय समोर पसरून पुढे वाकताना, तर कपाळ गुडघ्याला टेकवण्याची शर्यतच लागते. मग पाठीची कमान होते, मान खाली लोंबते आणि खुबा जागचा हलत नाही. गुडघे थोडे वाकवा, तळव्यांमागून जुनी ओढणी घालून दोन्ही टोकं धरा आणि छाती पुढे न्या. कपाळ कुठे पोचलं ते विसरा. आधार घेणं कमीपणाचं वाटतं का? पुण्यात योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी पट्टे, विटा, खुर्च्या वापरूनच जगभरच्या विद्यार्थ्यांना शिकवलं.

श्वास कोंडणं ही चूक बाहेरून दिसत नाही. आसनात असताना जीभ तपासा. टाळूला घट्ट चिकटली असेल किंवा दातावर दात बसले असतील, तर तुम्ही आसनाशी झोंबताय. ४७व्या सूत्रात ‘प्रयत्नशैथिल्य’, म्हणजे प्रयत्न सैल सोडणं, म्हटलंय ते याचसाठी. श्वास नाकाने सहज चालेल इतकंच मागे या.

शीर्षासन व्हिडिओ पाहून करू नका. रक्तदाब, काचबिंदू किंवा मानेचा त्रास असेल तर मुळीच नाही. आणि घाईत शवासन उडवू नका, पाच मिनिटं तरी पडा.

राहिला काकांचा गुडघा. मांडीच्या मागे ताण जाणवला तर तिथेच थांबून श्वास घ्या. गुडघ्यात कळ आली तर त्या क्षणी आसन सोडा, पाय हाताने धरून हळू उतरवा. जिना उतरताना दुखत असेल किंवा सूज असेल तर योगशिक्षकाकडे नको, आधी हाडांच्या डॉक्टरांकडे.