इलेक्टिव्हचा फॉर्म भरण्याआधी

मी पुण्यातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात जीएफएम, म्हणजे विद्यार्थ्यांची पालक-शिक्षिका आहे. इलेक्टिव्हचा, म्हणजे निवडायच्या विषयांचा फॉर्म निघाला की केबिनबाहेर रांग आणि प्रश्न एकच: "मॅडम, सोपा कुठला?" तो कॅन्टीनमध्ये सीनियर्सना विचारा. माझ्याकडे येताना कागद घेऊन या.

कागदावर आठ सेमिस्टरचे आठ रकाने आखा. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून आपल्याच पॅटर्नचा, म्हणजे आपल्या बॅचला लागू असलेल्या आराखड्याचा सिलॅबस उतरवा. 2019चा आणि 2024चा वेगळा, मित्राचा पाहून ठरवू नका. झालेल्या विषयांवर टिक, बॅकलॉग राहिलेल्यांवर लाल गोल. लाल गोल आधी संपवायचे, त्यातही एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर. त्यातला लाप्लास ट्रान्सफॉर्म कच्चा ठेवून कंट्रोल सिस्टिम्सला बसलात, तर ट्रान्सफर फंक्शनपाशीच गाडी अडते. सीनियरच्या नोट्स तिथे कामाला येत नाहीत.

ऑनर्स किंवा मायनर, म्हणजे पदवीसोबत जादा विषयांचा संच घ्यायचाय? एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या हिशेबाने पदवीवर आणखी 18 ते 20 क्रेडिट्स. बॅकलॉग असेल तर माझं उत्तर 'नको'. चाकणहून रोज ये-जा करणाऱ्यांनी प्रवासाचे तासही कागदावर मांडावेत.

एनपीटीईएलच्या ऑनलाइन कोर्समध्ये असाइनमेंट्सना 25 टक्के, परीक्षेला 75. क्रेडिट मिळणार का, हे नोंदणीआधीच विभागाकडून लेखी घ्या. तोंडी 'चालेल' चालत नाही. गेट, म्हणजे एमटेकची प्रवेश परीक्षा, फेब्रुवारीत असते, म्हणून सातव्या सेमिस्टरला दोन जड विषय एकदम नकोत.

आणि शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधी या. एचओडींची, म्हणजे विभागप्रमुखांची सहीसुद्धा लागते.