चिनी आजी-आजोबांची अखेरची सेवा: नव्या नर्ससाठी

मी इंग्लंडमध्ये मँचेस्टरला हॉस्पिसमध्ये, म्हणजे अखेरच्या आजारातल्या रुग्णांची सेवा होते तिथे, नर्स आहे. आमच्याकडचे बरेच चिनी आजी-आजोबा १९६०च्या दशकात हाँगकाँगच्या न्यू टेरिटरीजमधून आले आणि हॉटेलांच्या भटारखान्यांत राबले. म्हणून दुभाषा मागवताना नुसतं 'चायनीज' लिहू नका. कँटोनीज, हक्का की मँडरिन, यांतली कुठली चिनी भाषा ते बोलतात, ते विचारा. नातवाला मात्र दुभाषा करू नका. आजोबांच्या मरणाची गोष्ट त्या पोराच्या तोंडून वदवून घेणं मला पाहवत नाही.

मुलगा दारातच अडवून म्हणेल, "बाबांना कॅन्सरचं सांगू नका." वाद घालू नका. आजोबा एकटे असताना विचारा, "आजाराबद्दल तुम्हाला किती सांगू? की मुलाशीच बोलू?" ते म्हणतील तसंच वागायचं.

पाणी कोमट द्या, बर्फाचं नको. घरून तांदळाची पेज आली तर लेकीला भरवू द्या: उशाकडची बाजू उंच करून, अर्धा-अर्धा चमचा, ठसका लागला की थांबायचं. आईला उपाशी पाठवू नये, ही तिची तळमळ असते. जडीबुटीचा काढा चालू असेल तर न रागावता विचारा, डॉक्टरांना कळवा.

शेवट कुठे व्हावा, हेही वेळेत विचारा. कुणाला घरीच जायचं असतं, कुणाला घरात मृत्यू अशुभ वाटतो.