जुन्या फियाटची पाटी साफ करताना

जुनी फियाट किंवा पद्मिनी रंगवायला काढली की बॉनेटखालची चासी नंबरची छोटी पाटी बहुतेक वेळा पेंटरच्या स्प्रेखाली जाते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून गाडीबरोबर आलेले आकडे मग रंगात बुजतात. पाटी साफ करणं तसं सोपं आहे, हात आवरणं अवघड.

आधी फोटो काढा. टॉर्च तिरका धरला की ठोकलेल्या आकड्यांच्या कडा उठून दिसतात. शिवाय पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी घासा, लहानपणी नाण्याचा छाप घ्यायचो तशी. आकडे आरसी बुकाशी ताडून बघा. जुळत नसतील तर साफसफाई बाजूला ठेवून आधी ते निस्तरा.

पाटी शक्यतो जागेवरच साफ करा. रिवेट उडवले की तसेच पुन्हा मिळणं मुश्कील, आणि नव्या रिवेटवरची पाटी पाहून जाणकार गिऱ्हाईक भुवया उंचावतंच. पुसट आकड्यावर स्वतः पंच तर अजिबात मारू नका. चासी नंबरशी खेळ म्हणजे पोलिसांशी गाठ. ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणी आहे, तिथेही गाडी मूळ रूपात असावी लागते.

ग्रीस काढायला थोडं रॉकेल, मग कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि जुना मऊ टूथब्रश. कॉस्टिक किंवा धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमच्या पाटीला लावू नका, धातू काळा पडून खायला लागतो. चिंच आणि पितळेची पावडर देवघरात ठीक. मी एकदा उत्साहाने ती पावडर छापील पाटीवर चोळली; घाणीबरोबर अर्धी अक्षरंही फडक्यावर आली. म्हणून आधी कोपऱ्यात कापूस फिरवा. कापसाला काळं लागलं, तर अक्षरं नुसती छापलेली आहेत. तिथे साबणापलीकडे जायचं नाही.

अक्षरं उठावाची आणि खोलगट भाग काळा असेल, तरच रंग भरायचा. पाटी कोरडी करून थिनरच्या बोळ्याने हलकेच पुसा आणि काळ्या ऑइल पेंटचा पातळ हात द्या. घाई इथेच नडते. रंग दोन दिवस कडक वाळू द्या. मग सपाट लाकडी ठोकळ्यावर १५०० नंबरचा वॉटर पेपर गुंडाळून, ओला करून, फक्त उठावावरून चार-पाच हलके हात फिरवा. बोटाने घासलंत तर बोट खोलात शिरतं आणि भरलेला रंगही निघतो. अक्षरं चमकायला लागली की थांबा. जुन्या पाटीवरचे दोन ओरखडे राहिले तर शोभतात.

ठोकलेल्या आकड्यांत मात्र रंग भरू नका. अशा पाट्या सहसा आधी छापून येत आणि नंबर नंतर ठोकला जाई, त्यामुळे आकड्यांच्या तळाशी धातूच दिसायला हवा. भरलेला रंग टोकदार काडीने लगेच, ओला असतानाच काढा.

शेवटी क्लिअर लॅकरचे दोन विरळ फवारे. जाड मारलं तर खालचा काळा रंग सुरकुततो. आणि गाडी पेंटरकडे जाण्याआधी पाटीवर मास्किंग टेप चिकटवून त्यावर ठळक लिहा: ‘रंग नको’.